बिनडोळ्याचा मोर

मी एक जुना तुंबा आहे, मित्रांनो, वाळल्या भोपळ्याचं पाण्याचं भांडं. पोटात थेंब नसला तरी आतून हिंदकळत राहतो. चालण्याची सवय लागली, ती सुटत नाही.

वैनगंगेपल्याडच्या रानात, मंगलीबाईच्या कुडावरच्या वेलीला मी लागलो. वाळल्यावर तिनं मला पोकळ केलं आणि तापल्या विळ्याच्या टोकानं माझ्या पोटावर मोर डागला. डोळा ठेवला नाही. त्या घरची रीतच तशी. मोर मायनं काढायचा, डोळा तिच्या लेकानं, लालसूनं. पण त्याच साली लालसू मार्कंड्याच्या जत्रेला गेला आणि तिथून बैराग्यांमागं निघून गेला.

तेव्हापासून 'बैरागी' म्हटलं की मंगलीबाईचे डोळे धुरानं चुरचुरावेत तसे चुरचुरायचे. "लेकरं नेणारे मेले!" म्हणायची. तरी एक म्हातारा बैरागी दारी आला, तेव्हा तिनं मला त्याच्याच हाती दिलं. इतकं दूर दुसरं कोण चालतं?

"बाबा, तुमचे लोक भेटतीन तिथी हा मोर दाखवजा. माहा लालसू असन तं डोळा काढीन."

"माई, मी घर सोडलं. तू तुझं घर माझ्या गळ्यात बांधतेस?"

"मंग? तुले तं घराचं वजन नाई. माहं थोडंसं ने."

आम्ही निघालो. ब्रह्मपुरीच्या बाजारात दुकानदार ओरडला, "आला आयतोबा!" त्याच्याच आईनं लगबगीनं येऊन झोळीत तांदूळ घातले, पाया पडली. पुढच्या गल्लीत एक बाई रडत्या पोराला म्हणाली, "गप, नाई तं बैरागी नेईन!" म्हातारा मान खाली घालून भरभर चालू लागला. 'बैरागी' या एवढ्याशा शब्दात इतकी माणसं कशी मावतात, मला कळेना.

म्हातारा थकला, तेव्हा त्यानं मला मंगलीबाईच्या निरोपासकट एका तरुण बैराग्याच्या हाती दिलं. हा तापानं फणफणला की "माय, माय" करायचा; उठला की मोर दाखवत हिंडायचा. सगळ्यांच्या माना नकारार्थी हलायच्या. माझ्यातलं पाणी एक घडी स्थिर राहिलं नाही.

मग एका दुपारी, नदीकाठच्या धुनीपाशी, एका दाढीवाल्यानं मला तोंडाशी नेलं आणि पाणी न पिताच थांबला. मला फिरवलं. मोराच्या डोळ्याच्या रिकाम्या जागी बोट टेकवलं. चिमट्याचं टोक निखाऱ्यात धरून त्यानं मोराला डोळा दिला. चटका बसला, मित्रांनो, पण मला तो हवाच होता.

"घरी येतोस?" तरुणानं विचारलं.

लालसूनं नकारार्थी मान हलवली. "जित्ता हाय म्हन."

आम्ही परतलो. मंगलीबाईचे केस पांढरे झाले होते. ती मोराच्या डोळ्यावर अंगठा फिरवत राहिली. का आला नाही, हे तिनं विचारलं नाही.

"जेवते का तो?"

"जेवतो, माई."

ती भिंतीला टेकून मनसोक्त रडली. मग उठली, माझ्यात पेज ओतली आणि त्या तरुणापुढं धरली.

"पी. तूबी कोनाचा तरी लालसू असशीन. तुह्या मायले ठावूक हाय का, तू कुठी हायस?"

पेज त्याच्या ओठाशीच राहिली. मंगलीबाईनं कुडावरचा नवा तुंबा उतरवला, विळा चुलीत सारला. "सांग, तुही माय दारात काय काढते?"

"मासोळी," तो कसाबसा म्हणाला.

तिनं मासोळी डागली. डोळा ठेवला नाही. "हे तिले नेऊन दे. डोळा तिच्यापुढं काढ. मंग जाय कुठी जाचं तिथी."

आता मी खुंटीवर असतो. दारी पाऊल वाजलं की अजून हलतो. मित्रांनो, तुमच्या दारी कोणी बैरागी आला तर भीक घाला, न घाला. पण त्याला एवढं विचारा, बाबा, तुझी वाट कोण पाहतं?