चार मीटर खोल स्वयंपाकघर

गॅसवर समुद्रशेवाळाचं सूप उकळत होतं आणि मालसुनच्या मनगटावरचं घड्याळ सांगत होतं, की ती या क्षणी पाण्यात चार मीटर खोल आहे. तिने ते काढून टेबलावर ठेवलं. टेबलही चार मीटर खोल गेलं.

"मेल्या, मी घरात आहे!" असं त्याला सुनावून तिने गॅस बंद केला आणि न जेवताच सोग्विपो शहराची बस पकडली.

मालसुनने सत्तरी कधीच ओलांडली होती. पाठीवर हवेचं नळकांडं न घेता, नुसता श्वास रोखून तळाचे शिंपले काढायचे, हा तिचा पोरवयापासूनचा धंदा. गेल्या वर्षी गावातली एक बाई पाण्यातच गेली. त्यावर बुड्या मारणाऱ्या बायकांच्या संस्थेने सभा घेतली, चहा घेतला आणि सगळ्याजणींना खोली मोजणारी घड्याळं वाटली. सोबत नियमही आला. ज्यांच्या घड्याळात दहा मीटर दिसणार नाहीत, त्यांनी होडीतून खोल पाण्यात जायचं नाही. किनाऱ्यालगत 'आजीबाईंच्या समुद्रा'त उतरायचं. तिथे पाणी गळ्याइतकं आणि गप्पा डोक्यावरून जाणाऱ्या.

होडीतल्या बायकांची म्होरकी चुनजा काल म्हणाली होती, "ताई, दोन महिने ऐकतेय घड्याळ बिघडलंय म्हणून. आता दुरुस्त करून आणा. परवा तुमची बुडी बघायचीय."

"मला संस्थेने खोटारडं घड्याळ दिलं, त्याला मी काय करू?" मालसुनने तोंड वर करून सांगितलं होतं.

शहरातला दुरुस्तीवाला ग्यंगहो शांत माणूस होता. त्याने घड्याळ कोमट पाण्यात बुडवून ठेवलं, गोड्या पाण्याचं माप खाऱ्यावर आणलं, सेल बदलला. चार मीटर. मालसुन तोवर दुकानातले सगळे पाणचष्मे हाताळून पुन्हा पहिल्यापाशी आली होती.

"मावशी, बसा ना जरा. तुम्ही फिरताय, हात माझे हलतायत."

"तू तुझं बघ. बसायला मी म्हातारी झाले का?"

त्याने भिंग डोळ्याला लावलं. घड्याळाच्या कडेला बारीक भोकं होती. पाण्याचा दाब तिथूनच आत कळतो. भोकं हिरव्या लगद्याने बुजली होती. त्याने वास घेतला.

"मावशी, नागदवण्याचा पाला?"

"मग? चष्म्याला चोळते, तसा यालाही रोज चोळते. काच धुरकट होत नाही."

"ही काच धुरकट होतच नाही हो."

"बघ! गुण आला की नाही?"

ग्यंगहोने हसू गिळलं आणि मऊ कुंचल्याने भोकं साफ केली. मग घड्याळ पाण्याच्या बरणीत घालून पंपाने दाब दिला. आकडा भराभर चढला आणि दाब सोडताच निमूटपणे शून्यावर आला.

"घ्या. आता खोटं बोलणार नाही."

त्याने हमी दिली होती. मालसुनला ती धमकी वाटली.

परतीच्या बसमध्ये तिने दोनदा जागा बदलली. बाहेरच्या मोठ्या खडकाचा तळ तिच्या हाताला लागून दोन वर्षं झाली होती. अर्ध्या वाटेवर कान ठणकायचे, छाती फुटायला यायची. मग खडकाच्या खांद्यावरचंच काहीबाही ओरबाडून ती वर यायची आणि तळ गाठल्याच्या थाटात जाळी उघडायची. घड्याळ बिघडलेलं होतं, तोवर विचारायची कुणाची टाप नव्हती. एवढं चांगलं बिघडलेलं घड्याळ तिने स्वतः दुरुस्त करून आणलं होतं.

सकाळी निघताना परसातला नागदवणा तोडून तिने चष्म्याला चोळला. अंगठ्याला थोडा लगदा उरला. अंगठा घड्याळाच्या कडेपर्यंत गेला, तिथे घुटमळला. मग तिने नळ सोडून हात धुतले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

खडकापाशी होडी थांबली. मालसुनने दोनदा बुडी मारली. दुसऱ्या वेळी वर आल्यावर नेहमीचा शीळ घातल्यासारखा श्वास सोडायलाही तिला जमेना. तिने जाळी बांधलेल्या तरंड्याला मिठी मारली. शेजारी चुनजा पोहत आली.

"किती, ताई?"

मालसुन मनगटाकडे बघत राहिली. चुनजाने मान दुसरीकडे वळवली. "उन्हात मला काही दिसत नाही बाई. दहा धरू ना?"

"सात."

"नीट बघा."

"सात गं. घड्याळ नीट चाललंय."

 चुनजाने मालसुनच्या जाळीची गाठ, ती सुटलेली नसतानाही, पुन्हा घट्ट बांधली.

किनाऱ्यावरच्या दगडी आडोशात शेकोटी पेटली होती. खोल पाण्यातल्या बायका तिथे वाऱ्याकडे पाठ करून बसतात. धूर समोरच्या, 'आजीबाईंच्या समुद्रा'तल्या बायकांच्या बाजूला जातो. मालसुन ओल्या रबरी पोशाखातच शेकोटीला वळसा घालून समोर गेली. तिथल्या एका म्हातारीने काही न विचारता सरकून जागा केली. थोड्या वेळाने मालसुनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या बाजूला सगळ्यांच्याच येत होतं.