काकांच्या नावावरची पुस्तकं

मी वाचनालयाचं कार्ड बोलतोय. बोलायची मला हौस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या धंद्यात गप्प बसणं हेच काम. पण म्हातारपणी ज्याला त्याला मला बोलतं करायचंय. आधी पोलिसाला वाटलं, हे कार्ड बोलेल. मग वकिलाला वाटलं. आता काकांची पोरगी मला आरशाला टेकवून उभं करते आणि केस विंचरता विंचरता विचारते, "सांग ना रे, कोणकोण होते ते?" मी काय सांगू, कपाळ? तेव्हा सांगण्यासारखं आहे तेवढं एकदाच सांगतो. पुन्हा विचारायचं नाही.

माझं शिक्षण बेताचं. पुस्तकांची नावं तेवढी मला येतात, कारण ती माझ्या अंगावर लिहिली जायची. आतलं एक पान मी वाचलेलं नाही. मोठी मोठी वाक्यं माझ्याकडून मिळणार नाहीत.

एका छापखान्यात जाड पिवळ्या पुठ्ठ्यातून मला कापून काढलं. वर नावाची जागा, खाली रेघा. वाचकानं पुस्तक नेलं की रेघेवर पुस्तकाचं नाव आणि तारखेचा शिक्का. परत आणलं की शेजारी दुसरा शिक्का. आम्हाला घरी न्यायची पद्धत नव्हती. सगळी कार्डं काउंटरवरच्या लाकडी ट्रेमध्ये खांद्याला खांदा लावून उभी. गावात कोण काय वाचतं ते आम्हाला ठाऊक, आणि आम्ही ते कुणाला सांगायचं नाही. एवढी साधी नोकरी.

माझ्यावर नाव पडलं वाचनालयाच्या शिपायाचं. सगळे त्यांना काका म्हणायचे. नोकर म्हणून त्यांना एक कार्ड फुकट होतं. बायको गेलेली, पोरगी लहान, आणि वाचनालयाच्या मागच्या एका खोलीत दोघांचा संसार. काका वाचायचे ते ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत. पहिल्या दिवशी त्यांनी पोरीसाठी प्राण्यांच्या चित्रांचं पुस्तक नेलं. माझी पहिली रेघ ती. मला वाटलं, बरं झालं, साध्या माणसाच्या वाट्याला आलो. हत्ती, जिराफ आणि निवांत म्हातारपण. कुठलं काय.

काउंटरवर एक बाई होत्या. मनाच्या चांगल्या, पण गळा लाऊडस्पीकरचा, आणि त्यांना खोड अशी की पुस्तकाचं नाव लिहिताना ते मोठ्यानं म्हणायचं. एकदा रांगेत एक गृहस्थ मूळव्याधीवरचं पुस्तक घेऊन उभे. बाईंनी लिहिता लिहिता ते नाव म्हटलं, पार वाचनकक्षाच्या खिडकीपर्यंत. रांगेतला एक जण म्हणाला, "बसून वाचू नका म्हणजे झालं." सगळे खो खो हसले. गृहस्थ पुस्तक तिथंच टाकून निघून गेले.

काका ते पुस्तक उचलून त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेले. म्हणाले, "माझ्या कार्डावर न्या. वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. मी शिपाई माणूस, मला कोण विचारतंय?"

तिथून हे लचांड सुरू झालं. एकानं दुसऱ्याला कानात सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. बाई जेवायला गेल्या की काका स्वतः शिक्का मारायचे. नवऱ्यापासून कायद्यानं वेगळं कसं व्हावं, ते पुस्तक माझ्यावर. दारू सुटत नाही, माझ्यावर. मूल होत नाही, माझ्यावर. धंदा बुडाला, डोक्यात आवाज ऐकू येतात, लग्नाआधी दिवस गेले, सगळं माझ्यावर. रेघा संपल्या की काका खाली पुठ्ठ्याची पट्टी चिकटवायचे आणि मला घडी घालायचे. मी लांबत गेलो. सगळ्या गावाची दुखणी एका माणसाच्या नावावर, आणि तो माणूस पोरीची वेणी घालत मागच्या खोलीत बसलेला.

हे एका माणसाला ठाऊक होतं. आमचे ग्रंथपाल साहेब. वर्षाखेरीला ते सगळी कार्डं तपासून खाली सही करायचे. माझी पाळी आली की चष्मा कपाळावर चढवून हसायचे. "काका, यंदा तुम्हाला मूलही होणार, दिवाळंही निघणार आणि घटस्फोटही. तब्येतीला जपा."

"लोकांची सोय होते साहेब."

"असू द्या, असू द्या. मी काही पाहिलं नाही." आणि सही ठोकायचे. हे नीट लक्षात ठेवा.

वर्षं गेली. पोरगी मोठी झाली, कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला लागली, तिचं लग्न ठरलं. अशात एक वाचक काकांना काउंटरवर एकटं गाठून म्हणाला, विषांवरचं पुस्तक हवंय. काका दचकले. तो म्हणाला, "अहो, मी टोपणनावानं खुनाच्या गोष्टी लिहितो. लोकांना कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही. गोष्टीतली बाई मरतच नाहीये हो माझी."

"मारा बापडीला," काका म्हणाले, "पण पुस्तक वेळेत आणा."

पोटापाण्यासाठी तो काय करायचा ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही लगेच ओळखाल.

वाचनालयाच्या समितीत एक कंत्राटदार होता. त्याला मागची खोली पाडून तिथं दुकानं काढायची होती. काका भर बैठकीत बोलून गेले, "आधी मला गाडा, मग खोली पाडा." रागाच्या भरात माणूस बोलतो. पण पुढच्या बैठकीला चहा नेहमीप्रमाणे काकांनीच केला, कंत्राटदार तो पिऊन उठला आणि जिन्यात कोसळला. दवाखान्यात पोचेपर्यंत खेळ संपला होता. पोटात विष निघालं.

इन्स्पेक्टर आला. म्हणाला, विषाची पुस्तकं कोण नेतं ते बघायचंय, कार्डं द्या.

काउंटरवरच्या बाई आडव्या आल्या. "कोर्टाचा कागद आहे का? कुणी काय वाचलं ते असं कुणालाही दाखवत नाहीत." पहिल्यांदाच त्या गळ्याचा काही उपयोग होत होता.

"बाई, तुम्ही मध्ये पडू नका. पोलिसांना सहकार्य करायला नको का?" ग्रंथपाल साहेबांनी स्वतःच्या हातानं ट्रे उचलून दिला. अख्खा. सगळ्या गावाची कार्डं. वर विचारलं, "चहा घेणार?"

"इथला? नको," इन्स्पेक्टर म्हणाला.

ठाण्यात त्यानं मला टेबलावर उलगडलं. मी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरलो. एवढा उघडा मी कधी पडलो नव्हतो. समोर काका स्टुलावर.

"काय रे म्हाताऱ्या, विष तर आहेच. पण घटस्फोट कुणाचा? तुझी बायको तर कधीच गेली. आणि हे दिवस जाण्याचं? तू माणूस आहेस का सरकारी दवाखाना?"

"ती माझी पुस्तकं नाहीत साहेब. लोकांची आहेत. फक्त माझ्या नावावर."

"कुणाची? नावं सांग."

"ते नाही सांगता यायचं."

"सगळी नको. विषाचं तेवढं सांग."

"एक सांगितलं की तुम्ही दुसरं विचारणार."

"मग यात तुझं स्वतःचं काहीच नाही का?"

काकांनी वाकून पहिल्या रेघेवर बोट ठेवलं. "हे एवढं माझं."

इन्स्पेक्टरनं वाचलं. प्राण्यांची चित्रं. मागचा हवालदार हसला. काका म्हणाले, "आमच्या ग्रंथपाल साहेबांना विचारा. कुणाचं कुठलं ते त्यांना माहीत नाही, पण लोकांची पुस्तकं माझ्या कार्डावर जातात, एवढं माहीत आहे."

साहेबांना बोलावलं. ते आले, बसले, रुमालानं चष्मा पुसला. मी त्यांच्या नाकाखाली पडलेलो. माझ्या अंगावर त्यांच्याच सह्या, एकाखाली एक. कुणाचं नाव घ्यायचं नव्हतं. कुणाची अब्रू जाणार नव्हती. एवढंच म्हणायचं होतं, होय, खरं आहे.

साहेब म्हणाले, "मला याची काही कल्पना नाही. ज्याचं कार्ड, त्यानंच वाचलं असं आम्ही धरतो. नियम आहे तसा."

काका खाली बघत राहिले. साहेबांना ओशाळवाणं होऊ नये म्हणून असेल. तसलेच होते ते.

जामीन मिळाला नाही. मला भोक पाडून दोरा ओवला, लाख लावली, पाकिटात कोंबलं आणि कपाटात टाकलं. त्यामुळे पुढचं मी पाहिलेलं नाही. पोरगी आणि त्या बाई हल्ली समोर बसून बोलतात, त्यातून कळलं ते सांगतो. पोरगी बाईंना मावशी म्हणते.

पोरगी साहेबांच्या घरी गेली होती. साहेबांच्या बायकोनं पाणी दिलं. साहेब म्हणाले, "बाळ, माझी निवृत्ती तोंडावर आलीय. मी हे चालू दिलं असं लिहून दिलं तर माझी पेन्शन अडकेल. आणि काका सुटतीलच असंही नाही."

"एकदा सांगून तर बघा," पोरगी म्हणाली.

"पाणी घे," साहेब म्हणाले.

मग ती तुरुंगात बापाला भेटली. मध्ये जाळी. "बाबा, एक नाव सांगा. फक्त एक. त्या विषाच्या पुस्तकवाल्याच्या मी पाया पडते."

"आणि मग त्या वेगळं व्हायच्या पुस्तकाची बाई? तिच्या नवऱ्याला कळलं तर तो तिला जिवंत ठेवेल का?"

"सगळ्यांची काळजी आहे तुम्हाला. माझं लग्न मोडलं, बाबा. माझं काय?"

"तुला मी आहे ना."

"तुम्ही आत आहात बाबा."

हे सांगताना पोरगी दर वेळी उठून भांडी आवरायला लागते. भांडी घासलेलीच असतात.

तो गोष्टी लिहिणारा तर रोज वाचनालयात पेपर वाचायला यायचा. काकांची बातमी आली की पान उलटून खेळांच्या पानावर जायचा. बाईंनी हे बघितलं. पण पुस्तक त्यानं नेलं होतं हे त्यांना ठाऊक नाही, आणि त्या कोणाचं सांगतायत हे पोरीला ठाऊक नाही. दोघींच्या मध्ये मी बसलेला असतो. माझ्यावर काय ओढवतं ते माझं मला ठाऊक.

शेवटी खरं बाहेर आलं. कंत्राटदाराचा भागीदारच त्याच्या टॉनिकच्या बाटलीत थोडं थोडं विष घालत होता. चहाचा काही संबंध नव्हता. पुस्तकाचा तर मुळीच नव्हता. काका सुटले. तोवर मागची खोली पाडून झाली होती. समितीनं त्यांना परत घेतलं नाही. गवगवा झालेला माणूस नको, म्हणाले. पोरीनं भाड्याची खोली घेतली होती, तिथं ते राहायला आले.

रस्त्यावरून जाताना लोक त्यांना बघून पलीकडे व्हायचे. ज्यांची गुपितं पोटात ठेवून हा माणूस आत बसला, तेच. ज्याला आपलं सगळं ठाऊक आहे असा माणूस समोर नको असतो. काकांच्या ते ध्यानात आलं. मग त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. कशाला उगीच लोकांना अवघडवायचं, म्हणायचे. तुरुंगात जडलेला खोकला छातीत उतरला. काउंटरवरच्या बाई डबा घेऊन यायच्या. आता त्या हळू बोलतात. पुस्तकाचं नाव तर त्यांनी पुन्हा कधी तोंडानं काढलं नाही.

जायच्या आधी काकांनी पोरीला विचारलं, "ते प्राण्यांचं पुस्तक परत केलं होतं ना गं आपण?"

"केलं होतं बाबा."

"बघ हो. नाहीतर कुणाला तरी हवं असेल."

केलं होतं. माझ्या पहिल्या रेघेवर दोन्ही शिक्के आहेत.

काका गेल्यावर कोर्टानं जप्तीतल्या वस्तू परत दिल्या. पोरीनं सही करून मला घेतलं. तोवर वाचनालयात संगणक आला होता. त्याच्या उद्घाटनाला निवृत्त ग्रंथपाल म्हणून साहेबांना बोलावलं, शाल दिली. साहेब भाषणात म्हणाले, "वाचकाची गोष्ट वाचकापाशीच राहिली पाहिजे. मी आयुष्यभर हे तत्त्व पाळलं." टाळ्या पडल्या. बाई खुर्ची सरकवून उठल्या आणि बाहेर गेल्या. खुर्चीचा आवाज तेवढा मोठा झाला, म्हणतात.

आता मी आरशापाशी असतो. पुठ्ठा मऊ पडलाय, घड्यांवर फाटत चाललोय. कामावरून आल्यावर पोरगी मला उलगडते, खालच्या सगळ्या रेघांवर हात आडवा ठेवते आणि वरची तेवढी वाचते. काका वाचायचे तशीच, बोट ठेवून.

पोरी, माझं एक ऐक. मला नावं विचारू नकोस. तुझ्या बापानं सांगितली नाहीत, ती मी कशी सांगू? त्यांनी काय मिळवलं म्हणशील तर ते शिकलेल्या माणसाला विचार. मी अडाणी आहे. माझा अगदीच चोथा झाला की वरची रेघ कात्रीनं कापून तुझ्याजवळ ठेव आणि बाकीच्या मला पाण्यात भिजव, शाई जाईपर्यंत.

एका माणसानं मात्र माफी मागायची राहिलीय. काकांची मागायची वेळ गेली, तुझी तरी मागायला हवी. त्याचं सांगायला मी मोकळा आहे. त्यानं माझ्यावर एकही पुस्तक नेलं नाही, तेव्हा त्याचं काही राखायचं माझ्याकडे नाही. त्याची माझ्यावर फक्त सही आहे. दर वर्षीची.

ग्रंथपाल साहेब.