छवीवनताईंची मतं

छवीवनताईंना त्या मालिकांचा राग आहे असं म्हणणाऱ्यांनी ताईंना मालिका बघताना कधी पाहिलेलं नाही. मी रोज पाहते. दक्षिण थायलंडमधल्या आमच्या त्रांगच्या बाजारातल्या न्याहारीच्या दुकानात माझा कॉफीचा ओटा आणि त्यांचा भाजलेल्या डुकराचा ओटा लागून आहेत. अकराला गिऱ्हाईक ओसरलं की ताई चष्मा चढवतात, फोन साखरेच्या डब्याला टेकवतात आणि दोन मुलगे एकमेकांच्या प्रेमात पडताना बघत बसतात. एकाने दुसऱ्याचा हात धरला रे धरला की चौसष्ट वर्षांची ही बाई माझा दंड असा आवळते की वळ उठतो.

आमच्याकडे या मालिकांना नुसतं 'वाय' म्हणतात. भाग संपला की ताईंचं मत सुरू होतं. तीन वर्षांपूर्वी मी गंमत म्हणून ते फोनवर टिपलं आणि नेटवर टाकलं. आता ते ऐकायला चाळीस हजार माणसं येतात. सत्तूर चालत असतो, भाजलेली कातडी कुरुमकुरुम मोडत असते आणि ताई बोलत असतात.

"सगळे इंजिनिअरिंगचेच कसे गं, उराई? आणि वर्गात एकही जण बसत नाही. उद्या पूल पडले तर मला विचारू नका."

"हा म्हणतो, मला मुलगे आवडत नाहीत, फक्त तू आवडतोस. अरे वा! म्हणजे मला भात आवडत नाही, फक्त या ताटातला आवडतो. सरळ सांग ना, भात आवडतो म्हणून!"

"आणि बाईला काय एवढंच काम? दारामागे उभं राहून चहाड्या करायच्या? लिहिणाऱ्याला आई नाही का?"

लोक हसायचे. मग 'बारा नंबरचा बाक' ही मालिका आली. तिच्या दुसऱ्या भागात मोठा मुलगा दारू पिऊन बेशुद्ध पडलेल्या धाकट्याला खोलीवर नेतो, आणि सकाळी धाकटा रडतो. चौथ्या भागात तोच धाकटा त्याच्यासाठी डबा घेऊन जातो. मागे गोड गाणं. त्या दिवशी ताईंनी माझा दंड धरला नाही. सत्तूर खाली ठेवला आणि सरळ फोनकडे बघून म्हणाल्या, "झोपलेल्या माणसाला विचारता येत नाही. ज्याला विचारलं नाही त्याच्यावर जे केलं त्याला प्रेम म्हणत नाहीत. गाणं लावलं तरी म्हणत नाहीत."

दोन दिवसांत दहा लाख लोकांनी ते पाहिलं. शिव्यांचा पाऊस पडला. म्हातारी, गावंढळ, जळकी. आमच्या दुकानाला एकेक तारा देणाऱ्यांनी त्रांग नकाशावरसुद्धा बघितलं नव्हतं.

मग मालिकावाल्या कंपनीची पिचाया नावाची मुलगी बँकॉकहून आली. तिने दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि फार गोड बोलली. शनिवारी इथल्या मॉलमध्ये दोन्ही नटांना भेटायचा कार्यक्रम होता. ताईंनी मंचावर यावं, दोघांना भाजलेलं डुक्कर भरवावं आणि "माझा गैरसमज झाला होता" एवढं एक वाक्य म्हणावं. मग वर्षभर कंपनी ताईंच्या ओट्याची जाहिरात करील.

"गैरसमज कशाबद्दल?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे, मावशी, ती नुसती गोष्ट आहे ना."

"नुसती असती तर तू विमानाने आली असतीस का?"

पिचाया हसली, पण डोळ्यांतून नाही. ताई म्हणाल्या, "येते मी. डुक्कर पण आणते."

मॉलमध्ये सहाशे पोरी असतील. नटांची तोंडं छापलेले पंखे, माळा, किंचाळ्या. ताईंनी चांगला निळा ब्लाऊज घातला होता. त्यांनी दोघा नटांना आपल्या हाताने घास भरवला. "खा रे, वाळलात अगदी," म्हणाल्या. पोरी खूश झाल्या. मग पिचायाने माईक दिला.

"ही दोन्ही पोरं गुणी आहेत," ताई म्हणाल्या. "यांच्यावर माझा राग नाही. पण दुसऱ्या भागाबद्दल मी बोलले ते खरंच बोलले. आज परत बोलते."

हुर्यो उठली. धाकटा नट आपल्या बुटांकडे बघत राहिला. पुढच्या रांगेतली एक पोरगी उभी राहून ओरडली, "मग बघता कशाला, मावशी? तुम्हाला काय कळतं यातलं? तुमच्या घरात आहे का कुणी?"

पिचाया माईक घ्यायला पुढे झाली. ताईंनी माईकसकट हात वर नेला. सत्तूर चालवणारा हात आहे तो. कोण काढून घेणार?

"होता," त्या म्हणाल्या. "माझा धाकटा भाऊ. थावी. सत्तावीस वर्षं एका माणसाबरोबर रबराच्या मळ्यात संसार केला त्याने. आम्ही त्याला 'थावीचा मित्र' म्हणायचो. सणाला यायचा, भांडी घासून जायचा. थावी गेला तेव्हा आपल्याकडे रीत आहे तसे मयताचे कागद छापले, चौकाचौकात चिकटवले. लेकरं नव्हती, तर बहिणी, भाचे, भाचेसुना, चौतीस नावं. एका भाच्याची नुसती ठरलेली मुलगी, तिचंसुद्धा. त्या माणसाचं नाव नव्हतं. ती यादी कुणी लिहिली होती माहितेय? मी. तो अंत्यविधीला मागच्या खुर्चीवर बसला, पाहुण्यांत. चार महिन्यांनी कायदा आला, अशी माणसं लग्न करू लागली. माझा भाऊ थांबला नाही तोवर."

ओरडणारी पोरगी खाली बसली.

"म्हणून बघते मी. मला तेव्हा जे दिसलं नाही ते बघायला. तर पोरींनो, मला खोटं दाखवू नका. तो माझा मेहुणा होता, आणि मी त्याला भांडी घासायला लावली."

माईक खाली ठेवून त्या उतरल्या. थोड्या टाळ्या वाजल्या, थोड्या शिट्या. पिचाया पाठ फिरवून फोनवर बोलत होती. परतताना माझ्या स्कूटरवर मागे बसलेल्या ताई एवढंच म्हणाल्या, "डुकराचा डबा राहिला गं तिथे." मी म्हटलं, राहू दे.

जाहिरात गेली. आठ हजार माणसांनी ताईंचं ऐकणं सोडलं, त्यापेक्षा जास्त नवी आली. ताईंना त्याचं काही नव्हतं. पण सोमवारी सकाळी नऊच्या गर्दीत दुकानासमोर एक मोटारसायकल थांबली आणि थावीचा तो 'मित्र', प्रमुअन, आत आला. साठीचा, उन्हाने काळवंडलेला, नखांत रबराचा चीक. थावी गेल्यापासून तो इथे फिरकला नव्हता. गिऱ्हाइकांतले निम्मे लोक त्याला ओळखत होते. बाकीच्यांना शनिवारी कळलं होतं.

"मला विचारलंत का, ताई?" तो उभ्यानेच म्हणाला.

ताईंनी सत्तूर ठेवला.

"झोपलेल्याला विचारता येत नाही म्हणालात. मी तर जागा होतो. मळा कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे. पहिल्यांदा माझं नाव कागदावरून गाळलंत, आता माईकवर चढवलंत. दोन्ही वेळा तुम्हीच ठरवलंत."

आख्खं दुकान घास तोंडात धरून बसलं होतं. ताईंचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. हात फडक्याला पुसून त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. तेव्हाही आणि शनिवारीही."

"हं," प्रमुअन म्हणाला. मग स्टूल ओढून बसला. "कॉफी दे, उराई. दूध जास्त."

मी कॉफी दिली. ताईंनी न विचारता फासळीकडचे चांगले तुकडे बशीत घातले. तो खात खात म्हणाला, "आणि त्या मालिकांबद्दल तुम्ही बोलता ना, त्यातलं निम्मं मला पटत नाही."

"तू बघतोस?"

"सगळ्या. थावी गेल्यापासून. दुपारी चीक गोळा करून झाला की काय करणार मळ्यात? तुमचं आपलं एकच, खरं दाखवा, खरं दाखवा. अहो, खरं मला पाठ आहे! सत्तावीस वर्षं एका खाटेवर घोरणं ऐकलं, विजेच्या बिलावरून भांडलो, त्याच्या पायाला मलम लावलं. मला आता मालिकांतली ती आइस्क्रीम खाणारी पोरंच बघायचीत. इंजिनिअर असू द्या नाहीतर कुणी, वर्गात बसू नका म्हणावं."

"म्हणजे आयुष्यभर आइस्क्रीम?"

"तुमचं काय जातं?"

"अरे, पण कुणीतरी घरभाडं भरायला नको का त्यांच्यात? कुणाची आई आजारी पडायला नको?"

"माझी पडली होती. त्यात बघण्यासारखं काही नाही." त्याने कॉफी संपवली. "दारूच्या प्रसंगाचं मात्र बरोबर बोललात. तिथे मीही फोन पालथा घातला."

ताई सत्तूर उचलून पुन्हा कापायला लागल्या, पण नजर त्याच्यावरच. गिऱ्हाइकं जेवायला लागली. तेवढ्यात प्रमुअन माझ्याकडे वळून म्हणाला, "तुझा तो फोन कुठाय? लाव." मी ताईंकडे बघितलं. "त्यांच्याकडे काय बघतेस?" तो म्हणाला. "मी सांगतोय ना."

मी लावला. त्याने केसांवरून हात फिरवला, शर्टाचं वरचं बटण लावलं.

"मी प्रमुअन," तो म्हणाला. "थावीचा नवरा. मित्र नाही. हे मी सांगतोय, माझ्या तोंडाने. ज्यांना शिव्या द्यायच्यात त्यांनी द्या, मी मळ्यात असतो, त्या वाचत नाही, मालिका बघतो. आता 'बारा नंबरचा बाक'बद्दल बोलतो. सहावा भाग चांगला आहे. ताईंना आवडला नाही, कारण त्यांना पावसात नाचणं आवडत नाही."

"न्यूमोनिया होतो त्याने!" मागून ताई.

"झाला तर झाला!"

आता दर सोमवारी तो येतो. दोघं सबंध तासभर भांडतात आणि मी टिपते. परवा पिचायाचा फोन आला. नव्या मालिकेसाठी कंपनीला दोघं हवे होते. लोकांना म्हणे ही जोडी फार आवडते. फक्त काय बोलायचं ते आधी लिहून पाठवतील. ताईंनी फोन प्रमुअनकडे दिला.

"येऊ की," तो म्हणाला. "पण लिहिलेलं आम्ही वाचणार नाही. आम्हाला वाटेल तेच बोलणार."

पलीकडून काहीतरी पुटपुटल्यासारखं झालं आणि फोन कट झाला. ताईंनी बशी त्याच्यापुढे सरकवली आणि विचारलं, "कालचा भाग बघितलास का? शेवट अगदीच रद्दड होता."

"छान होता," प्रमुअन म्हणाला.