कांतीमाईने काढलेलं वय

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वकीलबाई, बँकेतल्या कॅशियरबाई, दातांच्या डॉक्टरची बायको, सगळ्या चाळिशी ओलांडलेल्या आणि सगळ्या माना उंच करून स्टेजकडे बघत होत्या. स्टेजवर खुर्चीत माझी सख्खी ताई बसली होती. तिच्या गालावर जेल लावून ‘वय काढून देणारी’ कांतीमाई बोटं गोल गोल फिरवत होती.

“बघा, सुटतंय,” कांतीमाई माइकवर म्हणाली. “चाळिशीनंतर वय कातडीत साचतं. रडलात, साचलं. जागलात, साचलं. नवऱ्यावर चिडलात, तेही साचलं. डॉक्टर वरवर मलम फासतात. मी आतली वर्षं ओढून काढते.”

आणि ताईच्या गालावरून खरोखरच राखाडी सुरळ्या पडू लागल्या, खोडरबराच्या चुऱ्यासारख्या. त्या ताटलीत गोळा करून पुढच्या रांगेत फिरवल्या गेल्या. वकीलबाईंनी चक्क वास घेऊन पाहिला आणि मान डोलावली. कोर्टात पुरावा मागणारी बाई ही. माझं डोकंच फिरलं.

ताई कपड्यांच्या मोठ्या दुकानात काउंटरवर असते. दुसरा काउंटर रिकामा असला तरी गिऱ्हाईक तिच्याकडेच थांबतं. पण नवा मॅनेजर आला आणि म्हणाला, “पुढे जरा फ्रेश चेहरे हवेत. तुमचं गोदामात बघू.” तेव्हापासून ताईने हे खूळ डोक्यात घेतलं. घरीही सकाळ-संध्याकाळ तेच जेल चोळायची. गाल सोलवटून निघाले, साधं पाणी लागलं तरी कळवळायची. “आग होते म्हणजे वय निघतंय,” असं माईचं म्हणणं. डॉक्टरकडे चल म्हणून मी हातापाया पडले, तर मला म्हणाली, “तुझं बरं आहे. शाळेत तुझं तोंड कोण बघतं?”

मी शाळेत विज्ञान शिकवते. थापा ऐकायची सवय आहे, पण गप्प बसायची नाही. उठले आणि सरळ स्टेजवर गेले.

“माई, ती ट्यूब द्या जरा.”

“बसा बाई, तुमचाही नंबर येईल.”

“मला नको. या आरशाला लावायचंय.”

ती काही म्हणायच्या आत मी खुर्चीसमोरच्या आरशावर जेल पसरून चोळायला लागले. थोड्याच वेळात काचेवरून त्याच राखाडी सुरळ्या पडल्या.

पण माई मुरलेली होती. “बघितलंत?” ती म्हणाली. “इतक्या जणी या आरशात बघून गेल्या, त्यांचं वय त्याने शोषून घेतलं.” आणि काय सांगू, पुढच्या रांगेतून “खरंय, खरंय” असं ऐकू आलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्याच सामानातून मी नवीकोरी ताटली काढली, सगळ्यांसमोर तिचं सील फोडलं. “हिने कुणाचं तोंड पाहिलंय, माई?” मी विचारलं आणि चोळलं. सुरळ्या पडल्या. या वेळी माईने माइक बाजूला ठेवला.

मी सांगितलं, “हे जेलच आहे. बोटांवरचा डिंक वाळताना चोळला की वळ्या होतात ना, तसंच. पसरल्यावर रंग दिसत नाही, गोळा झाला की राखाडी दिसतो. आणि घासलं की रक्त वर येतं, गाल लाल होतात. त्यालाच ही तेज म्हणते.”

“म्हणजे माझ्या गालावरून काहीच निघालं नाही?” ताईने विचारलं.

“कातडी निघाली, ताई.”

तिने सोललेल्या गालावर बोट टेकवून पाहिलं. मग हळूच म्हणाली, “मग आता मॅनेजरला काय दाखवू?”

हॉलमध्ये कुणीच हसलं नाही. प्रत्येकीच्या मागे कुणीतरी मॅनेजर होता, नवरा होता, नणंद होती. त्या भीतीवरच माईचं दुकान चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी ताई डॉक्टरकडे गेली आणि मलम लावलेल्या गालांनी कामावर उभी राहिली. मॅनेजर आला, तेव्हा गिऱ्हाइकांसमोर तिने त्याला विचारलं, “माझ्या वयाने दुकानाचं नेमकं काय अडलं, ते सांगा.” तो “बघू” म्हणून आत गेला. उत्तर अजून दिलेलं नाही. ताई काउंटरवरच आहे.

बायांनो, तुम्हीही विचारा. ट्यूब विकणारीला विचारा आणि तिच्याकडे तुम्हाला पिटाळणाऱ्यालाही विचारा. पटेल असं उत्तर मिळेपर्यंत आपला चेहरा कुणाच्या हातात देऊ नका.