सगळे नाथ

माणसाने आजवर जेवढी म्हणून यंत्रं घडवली, ती सगळी मुळात कुणीतरी आपल्याला हाक मारावी म्हणूनच. यातलं सर्वांत नवं यंत्र परभणी जिल्ह्यात, वालूरला, आदिनाथच्या ओसरीवर चालू होतं; चार्जरची पिन हलली की ते बंद पडायचं.

आदिनाथने जन्मभर पाण्याच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून दिली. हात कापू लागले तसं दुकान मिटलं. लेक पंकजा पुण्याला, तिचा जुना लॅपटॉप ओसरीवर, आणि गावात सगळ्यांचा तो ‘काका’. नुसतं ‘आदिनाथ’ म्हणणारा शेवटचा माणूस म्हणजे लहानपणचा दोस्त बजरंग. तोही पोळ्याच्या आधी गेला. राहिली बायको. कोकिळाने नवऱ्याचं नाव एकदाच घेतलं होतं, लग्नात, बायकांनी दार अडवल्यावर उखाण्यात. नेमका तेव्हाच बँड वाजला. सासू-सासरे गेले, केस पांढरे झाले, तरी ‘अवो’च्या पुढे गाडी गेली नव्हती.

म्हणून त्याने लेकीला विचारत विचारत लॅपटॉपवर खेळाचा प्रोग्राम बांधायला घेतला. काळ्या पडद्यावर रेघा, त्यातला शब्द ओळखायचा.

“कन्स्ट्रक्टर म्हंजे साचा, बाबा,” पंकजाने फोनवर सांगितलं. “एक साचा अक्षराचा, एक शब्दाचा.”

अक्षराच्या साच्यातून निघालेलं प्रत्येक अक्षर एवढंच ध्यानात ठेवायचं, की आपल्याला कुणी ओळखलं का. ओळखलं तर तोंड दाखवायचं, नाहीतर रेघ होऊन पडून राहायचं. आदिनाथला हे फार पटलं. त्याचंही तेच चाललं होतं. शब्दाचा साचा या अक्षरांना रांगेत उभं करायचा. साच्यातून नग काढायचा ‘न्यू’ हा हुकूम लिहायचा राहिला म्हणून दोन दिवस साचा होता, पण वीट पडेना. तेही निस्तरलं. बटणांवर अक्षरांच्या चिठ्ठ्या डकवल्या. अक्षर दाबलं की काना-मात्रा आपोआप. शब्द मात्र एकच ठेवला. आणि हरल्यावर उत्तर दाखवायचं नाही असं ठरवलं. यंत्रानेच नाव घेतलं तर काय उपयोग?

“काय टकटक करायलेत सकाळधरनं?” कोकिळा पदराला हात पुसत आली.

“बस. खेळ हाय. चार अक्षरी, गावातला माणूस. पाच चुकलीस की हरलीस.”

तिने एका बोटाने ‘न’ दाबला. तिसऱ्या जागी ‘ना’ उमटला. मग ‘थ’. शेवटची रेघ उघडली.

कोकिळाचं बोट हवेत थांबलं. आदिनाथ पडद्याकडे सरकला.

“एकनाथ किराणेवाला असंल,” ती म्हणाली, आणि ‘ए’ दाबला. चूक. ‘क’ दाबला. चूक.

“अगं, त्यो न्हाई.”

“मंग सोमनाथ, पिठाच्या गिरणीचा.” ‘स’ गेला, ‘म’ गेला.

“अगं जवळचा माणूस हाय. लय जवळचा.”

“वैजनाथ? त्यो तर शेजारीच ऱ्हातो.” तिने ‘व’ दाबला. पडद्यावर ‘हरलात. पुन्हा खेळायचं?’ असं आलं.

तालुक्यातले सगळे नाथ झाले, घरचा तेवढा राहिला.

“लय अवघड हाय बाई तुमचं,” ती म्हणाली. चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही.

आदिनाथ उठला आणि हौदापाशी जाऊन उगाच तोंड धूत बसला. पाणी गार होतं. या वयात रुसणं शोभत नाही, हे त्याला ठाऊक होतं. रुसायचं थांबवावं कसं ते नव्हतं. मागे ओसरीवर बटणं वाजली. एक. थांबून दुसरं. मग बराच वेळ काहीच नाही. मग आणखी दोन, पाठोपाठ.

तो आत आला तेव्हा ओसरी रिकामी होती. पडद्यावर एकही रेघ उरली नव्हती.

आ दि ना थ

चुका शून्य. खाली त्याने स्वतःच लिहून ठेवलेलं ‘शाब्बास’.

तो ओल्या तोंडाने तसाच उभा राहिला. पिन हलू नये म्हणून त्याने लॅपटॉपला हात लावला नाही. आत तवा चुलीवर चढल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या, आणि मग हाक आली, नेहमीसारखीच, पण जरा हळू.

“अवो.”

“काय गं?”

“लसूण सोलून द्या की जरा.”