खुर्चीतला जयसिंग

कुरुळीच्या बौद्ध वस्तीत साहेबरावांच्या घरी एक लोखंडी खुर्ची होती आणि त्या खुर्चीपुढे घरात कुणाचं काही चालत नसे. मुलगा जयसिंग भोसरीच्या कारखान्यात कायम झाला, त्याच महिन्यात म्हाताऱ्याने ती आणवली. साहेबरावांची अर्धी हयात चावडीसमोर उन्हात हात जोडून उभं राहण्यात गेली होती. म्हणून आता दारात तलाठी येवो की पोस्टमन, जयसिंगने खुर्चीत ताठ बसूनच बोलायचं, हा त्यांचा दंडक. सून कस्तुरा पदराआड हसायची. पण हा हट्ट कुठून आलाय हे तिला ठाऊक होतं, त्यामुळे ती कधी आडवी गेली नाही.

१९७८च्या जानेवारीत कारखान्यात साखळी तुटली आणि क्रेनचा हुक जयसिंगच्या डोक्यात डाव्या बाजूला बसला. पुण्याच्या इस्पितळात नेईपर्यंत मेंदू इतका सुजला की कवटीत मावेना. डॉक्टरांनी तळहाताएवढं हाड काढलं आणि ते खराब होऊ नये म्हणून जयसिंगच्याच पोटात, कातडीखाली शिवून ठेवलं. सूज उतरली की पुन्हा जागेवर बसवू, म्हणाले. माणसाचं डोकं त्याच्या पोटात ठेवतात हे कस्तुराला कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. आता अंघोळ घालताना तो कडक तुकडा तिच्या हाताला लागायचा आणि उलट धीर यायचा.

महिन्याभराने जयसिंग घरी आला तो बोलत, चालत, चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरत. वस्तीने सुटकेचा निःश्वास टाकला. पण पुढच्या महिन्यात सगळं उलटं फिरलं. उजव्या हातातून पेला निसटायला लागला. शब्द सापडेनासे झाले. डोक्याची ती मऊ जागा आत गेली, वाटी बसेल एवढा खड्डा पडला.

साहेबरावांचं निदान तयार होतं. "पडून पडून मानूस खचतो. त्याला बसवा." झालं, सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत जयसिंग खुर्चीत, पाठीला उशी, छातीवरून पंचा बांधलेला. भेटायला येणारे त्याची लाळ पुसणारी कस्तुरा बघायचे आणि मान खाली घालून जायचे.

तपासणीलाही त्याला एसटीने बसवूनच नेलं आणि डॉक्टरांपुढे खुर्चीत बसवलं. डॉक्टरांनी नाव विचारलं. जयसिंगचे ओठ नुसते हलले.

"मेंदूलाच इजा फार झालेली दिसते," डॉक्टर म्हणाले. "हाड बसवायचं म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा धोका. एवढं करून हाती काही लागेल असं वाटत नाही. पंधरा दिवसांनी आणा, तेव्हा शेवटचं ठरवू."

परतीच्या गाडीत कस्तुरा बोटांवर दिवस मोजत होती. पंधरा दिवसांनी हा माणूस असाच बसला, तर जन्मभर असाच बसणार होता.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती त्याचं अंग पुसत होती. जयसिंग अजून अंथरुणातच होता. "पानी गार हाय," तो स्वच्छ म्हणाला. तिचा हात थांबला. पण खुर्चीत बसून चहा होईतो शब्द पुन्हा गायब. पुढच्या दिवशी तेच, त्याच्या पुढच्याही. आडवा असला की जयसिंग असायचा, बसवला की निघून जायचा.

"मामा, आडवं असलं की हे बोलत्यात," ती सासऱ्यांना म्हणाली.

"आडवं तर मढंबी असतं," साहेबराव म्हणाले आणि उठून गेले. कस्तुराला त्या दिवशी त्यांचा खरोखर राग आला.

पंधराव्या दिवशी इस्पितळात पोचल्याबरोबर तिने व्हरांड्यात फरशीवर सतरंजी अंथरली आणि जयसिंगला उताणं निजवलं. साहेबराव चमकले.

"उठव त्याला. आपलं पोरगं लोकांच्या पायाशी लोळतंय. माझ्या डोळ्यांदेखत हे न्हाई चालायचं."

"मामा, आज मी तुमचं ऐकनार न्हाई," कस्तुरा म्हणाली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. असं वाक्य तिने पहिल्यांदाच उच्चारलं.

म्हातारा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तासाभराने नाव पुकारलं तेव्हा कस्तुरा एकटीच आत गेली आणि डॉक्टरांना बाहेर येण्याची गळ घातली. ते वैतागून आले, पण आले. जयसिंगशेजारी उकिडवे बसले.

"नाव काय तुमचं?"

"जयसिंग साहेबराव." शब्द सावकाश आले, पण आले. उजवा हातही त्याने वितीभर उचलला.

डॉक्टरांनी त्याला उठवून बसवलं, घड्याळ बघितलं. थोड्या वेळात मान कलली, जीभ जड झाली. पुन्हा निजवलं आणि वाट बघितली. शब्द परत आले.

"मेंदू गेलेला नाही," डॉक्टर कस्तुराला म्हणाले. "हाड नाही, तिथे बाहेरच्या हवेचा दाब पडतो. बसलं की मेंदूभोवतीचं पाणी खाली उतरतं आणि मेंदू दबतो. तुम्ही नीट पाहिलंत. सोमवारी दाखल करा, हाड बसवू. तोवर यांना बसवायचं नाही." मग त्यांनी जयसिंगला विचारलं, "बसल्यावर त्रास होतो हे कळत होतं ना तुम्हाला? पहाटे बोलता येत होतं, तेव्हा घरी सांगायचं."

जयसिंगने भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं.

"आबा मला खुर्चीत बघून खुश व्हत्यात," तो म्हणाला. "त्यांनी लई दिस हुभं ऱ्हाऊन काढल्यात. म्हनलं, माझं बोलनं गेलं तर जाऊ दे."

साहेबराव वळले. मग डॉक्टरांसमोर, येणाऱ्याजाणाऱ्या साऱ्या लोकांसमोर ते खाली बसले आणि फरशीवर मुलाच्या अंगाला अंग लावून आडवे झाले.

"बोल लेकरा," ते म्हणाले. "काय काय सांगायचं राहिलंय, सगळं बोल."