सीट रिकामी नाही

ट्रॅक्टर पुन्हा बंद पडला.

"आई, तो सीट तुला ह्यूमन समजतच नाही," ईशिता गॅरेजच्या दारातून म्हणाली. बर्फामुळे कॉलेज बंद होतं. तिने पायजम्यावर वडिलांचा कोट चढवला होता, आणि त्या कोटात तिच्यासारख्या आणखी दोघी आरामात मावल्या असत्या.

नीना सीटवर जरा आपटून बसली आणि तिने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, सावरलं. ट्रॅक्टर गॅरेजचा उंबरा उतरला, त्या धक्क्याने नीना दोन बोटं वर उचलली गेली, आणि इंजिन गप्प.

सीटखाली एक स्विच होता. चालवणारा उठला की इंजिन बंद, मग ब्रेक लावलेला असो की नसो. माणूस खाली पडला तर ट्रॅक्टर त्याच्या अंगावरून जाऊ नये, एवढीच त्यामागची भावना. पण स्विचवरची स्प्रिंग नीनाच्या नवऱ्याने, शशिधरने, स्वतःच्या वजनाला जुळवून घेतली होती, आणि शशिधर ऐसपैस माणूस होता. नीना बसली तर सोफ्यालासुद्धा कळायचं नाही.

"वजन पाहिजे," ईशिता म्हणाली.

"एवढ्यात कुठून आणू?"

ईशिता आत गेली आणि बासमतीचं दहा किलोचं पोतं घेऊन आली. "मांडीवर घे. बाळासारखं."

नीनाने पोतं मांडीवर घेतलं. ट्रॅक्टरने थोडा विचार केला आणि तिला माणसात जमा केलं.

हा ट्रॅक्टर शेतातला नव्हे, बागेतला. पोटाखाली गवत कापायची पाती, आणि पुढे बर्फ ढकलायचं पिवळं लोखंडी ब्लेड. शशिधरने तो निवृत्त झाल्यावर घेतला. घरामागचं लॉन असं होतं की ट्रॅक्टर आत शिरला की लॉन संपायचं. वळायला कुंपणाच्या फळ्या काढाव्या लागत. रविवारी शेजारी न सांगताच फळ्या काढून ठेवायचा आणि चहाला यायचा. एवढ्याशा गवताला एवढा ट्रॅक्टर कशाला, असं कोणी विचारलं की शशिधर शांतपणे सांगे, "गवतासाठी नाहीच तो."

तो होता नव्वद सालच्या डिसेंबरसाठी. त्या डिसेंबरात नॉटिंगहॅमवर एका दिवसात बर्फ कोसळला, लाइट गेले, आणि नीनाला कळा सुरू झाल्या. शशिधर बस कंपनीच्या टाइमटेबल ऑफिसात कारकून. शहरातली कुठली बस कुठल्या मिनिटाला कुठे असायला हवी हे त्याला तोंडपाठ. त्या दिवशी एकही तिथे नव्हती. तो चालत निघाला. अॅम्ब्युलन्स टेकडीच्या पायथ्याशी रुतली. गल्ली टेकडीवर, बारा घरं, वर येणारा रस्ता एकच. ईशिता जन्मली ती समोरच्या मॉरीनच्या हातांत. मॉरीन शाळेत मुलांना जेवण वाढायची. तोवरच्या आयुष्यात तिने हाताळलेली सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे कस्टर्ड. शशिधर घरी पोचला तेव्हा मुलगी झोपली होती, मॉरीन मेणबत्तीच्या उजेडात बिस्किट खात होती, आणि त्याच्या भुवया गोठल्या होत्या.

"सॉरी," तो म्हणाला.

नंतर मुलीच्या प्रत्येक वाढदिवसाला, केक कापायच्या आधी, तो नीनाच्या कानाशी येऊन हे म्हणायचा. "अहो, पुरे आता," नीना म्हणायची. "पुढच्या वेळी," तो म्हणायचा. पुढची वेळ कशाची, हे त्याने कधी स्पष्ट केलं नाही. मूल तर एकच होतं.

मग तो बर्फाची वाट बघत बसला. बसला म्हणजे अक्षरशः. नोव्हेंबर लागला की ट्रॅक्टरला ब्लेड जोडायचं, मागच्या चाकांना साखळ्या घालायच्या, आणि गॅरेजमध्ये सीटवर बसून रेडिओवर हवामान ऐकत चहा प्यायचा. बर्फ यायचा तो पिठीसाखरेसारखा. शशिधरला हातमोजे सापडेपर्यंत वितळायचा. गेल्या नोव्हेंबरात त्याने साखळ्या घातल्या, सीटवर चढून बसला, आणि नीना कप न्यायला गेली तेव्हा चहा गार होता, शशिधरही, आणि रेडिओवाला कोरड्या हवेचा अंदाज सांगत होता.

आणि आता फेब्रुवारी. अठरा वर्षांतला सगळ्यांत मोठा बर्फ. टाइमटेबलवाल्या माणसाला असली चुकामूक सहन झाली नसती.

झालीही नसावी. कारण नोव्हेंबरपासून संध्याकाळी नीना स्वयंपाकघरात उभी राहिली की भिंतीपलीकडे, गॅरेजमध्ये, सीटची स्प्रिंग करकरायची. आधी एकदा, कोणी बसल्यावर करकरावी तशी. मग बऱ्याच वेळाने पुन्हा, कोणी अवघडून दुसऱ्या बाजूला कललं की होते तशी. नीना हॉस्पिटलच्या फार्मसीत कामाला होती. असल्या गोष्टींवर गोळ्या मिळतात, कुठल्या कप्प्यात असतात, हे तिला माहीत होतं. तिने गोळ्या घेतल्या नाहीत. चहाला एक कप पाणी जास्त टाकायला लागली, इतकंच.

हे तिने ईशिताला सांगितलं नव्हतं. आणि ईशिताने इंटरनेटवर जाहिरात दिली आहे, नेवार्ककडचा एक शेतकरी शनिवारी येऊन ट्रॅक्टर नेणार आहे, हे तिने गॅरेजमध्ये सांगितलं नव्हतं.

आज मात्र गुरुवार होता, आणि प्रश्न मॉरीनचा होता. मॉरीन आता ऐंशीच्या घरात, मूत्रपिंडं थकलेली, दर दोन दिवसांनी डायलिसिस. मंगळवारची पाळी बर्फात गेली. सकाळी युनिटमधल्या नर्सने फोनवर अतिशय सभ्य आवाजात सांगितलं होतं की आजचीही गेली तर तिला फार काळजी वाटेल. या देशात नर्सला फार काळजी वाटली की पुढचं आपण समजून घ्यायचं असतं. हॉस्पिटलची गाडी पायथ्याच्या मोठ्या रस्त्यापर्यंत येणार होती. वर चढणं शक्य नव्हतं, आणि मॉरीनला खाली उतरणं.

नीनाने ब्लेडचा दांडा ओढला. ब्लेड डावीकडे तिरकं करायचं, म्हणजे बर्फ समोर साचत नाही, बाजूला पडतो. पहिला फेरा मधून. हे शशिधरने तिला जेवताना इतकी वर्षं ऐकवलं होतं की आमटी वाढताना तिचा डावही तिरका व्हायचा.

गल्लीत कोणाकडेच फावडं नव्हतं. सात नंबरचा माणूस केकच्या ट्रेने बर्फ उपसत होता, अतिशय गंभीरपणे. दहा नंबरची बाई कचऱ्याच्या सुपलीने. ट्रॅक्टर दिसताच दोघं बाजूला झाले. मांडीवर बासमती घेतलेली साडेचार फुटी बाई ट्रॅक्टरवरून जाताना बघून सात नंबरचा फक्त "मॉर्निंग" म्हणाला.

"मॉर्निंग," नीना म्हणाली.

ब्लेडखाली बर्फ करकरत उलटत होता. वरून बारीक बारीक पडतच होता. उतार सुरू झाला तिथे रस्त्याच्या मधोमध कोणाचातरी चाकांचा कचऱ्याचा डबा आडवा पडून बर्फात पुरला गेला होता. नीनाने ब्रेक लावला, उतरली आणि डबा ओढायला गेली. हात मोकळे नाहीत हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. पोतं ती सवयीने कडेवर घेऊनच उतरली होती.

मागे इंजिन चालू होतं.

नीना वळली नाही. बर्फात उभी राहिली, कडेवर तांदूळ घेऊन. इंजिन एकसारखं धडधडत होतं, मधेच जरा घसा खाकरत. तसं ते फक्त शशिधर बसला की चालायचं.

"आई," ईशिता मागून धावत आली आणि थांबली. "तू खाली उतरली."

"हो."

"मग इंजिन का चालू आहे?"

"मला काय माहीत."

ईशिताने सीटकडे बघितलं, आईकडे बघितलं. "स्विच फ्रोझन झाली असेल. थंडी किती आहे. ऑबव्हियसली."

"असेल."

"ऑबव्हियसली फ्रोझन," ईशिता पुन्हा म्हणाली, आणि दोन पावलं मागे सरकली.

दोघींनी मिळून डबा कडेला नेला. पोतं नीनाने मुलीच्या हातात दिलं आणि ट्रॅक्टरपाशी आली. बॉनेटवर बर्फाचा पातळ थर बसायला लागला होता, स्टिअरिंगवरही. सीट काळी कुळकुळीत होती.

बसमध्ये, सिनेमात, मंडळाच्या गणपतीत, मिल्टन कीन्स गावातल्या लग्नात, शशिधर नेहमी दीड खुर्ची घेऊन बसायचा आणि नीनाला उरलेल्या अर्ध्यात बसायला लागायचं. तेव्हा जे म्हणायची तेच ती आता हळू आवाजात म्हणाली.

"सरका जरा."

आणि बसली. पुढच्या उतारावर ट्रॅक्टरने चांगले दणके दिले. खड्डे आले, नीना प्रत्येक वेळी उडाली. इंजिन एकदाही बंद पडलं नाही. मांडीवर तांदूळ नव्हते.

खाली गाडी उभी होती. ड्रायव्हरने मोकळा झालेला रस्ता बघितला आणि काही न बोलता ट्रॅक्टरच्या मागोमाग गाडी वर घातली. मॉरीन दारात तयार उभी होती, कोट, टोपी, हातात पर्स, ओठांना लिपस्टिक. ट्रॅक्टर फाटकासमोर थांबवून नीना उतरली आणि तिला हात द्यायला गेली.

"ये, डक," मॉरीन म्हणाली. या भागात प्रेमाच्या माणसाला बदक म्हणतात. याचं कारण कोणी विचारत नाही. "सावकाश ने मला. कुठे पळून चाललेय मी?"

"पाय बघून टाक, मॉरीन."

"पाय इथेच आहेत, मागच्या वर्षीपासून हललेले नाहीत." मग ती पायरीवर थांबली. तिची नजर नीनाच्या खांद्यावरून पलीकडे गेली, धडधडणाऱ्या ट्रॅक्टरकडे. बराच वेळ बघत राहिली. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

"या वेळी वेळेवर आला हं," ती म्हणाली.

नीनाचा हात तिच्या कोपराखाली घट्ट झाला. "कोण, मॉरीन?"

"कोण म्हणजे? तिकडे रुसून बसलाय तो. त्याला सांग, मॉरीन म्हणाली की हिशेब मिटला." ती गाडीत बसली, पदराआड घ्यावी तशी पर्स पोटाशी धरली आणि काच खाली केली. "आणि म्हणावं, भुवया पूस."

गाडी हळूहळू उतारावरून गेली. वळणावर ब्रेकचे लाल दिवे लागले आणि दिसेनासे झाले. सात नंबरच्या माणसाने केकचा ट्रे बगलेत धरून टाळी वाजवल्यासारखं केलं, मग लाजून घरात गेला.

ईशिता पोतं पोटाशी धरून फाटकापाशी उभी होती. चेहरा पांढरा, नाक लाल.

"आई. तिने काय बघितलं?"

"तिला चष्म्यातून धड दिसत नाही."

"आई, प्लीज."

ईशिता आणखी जवळ सरकली.

"मी तो शेतकऱ्याला ईमेल करते. सांगते, सॉरी, नाही विकत. आपण ठेवूया. गॅरेजमध्ये राहू दे ना. कोणाला त्रास आहे?"

नीना ट्रॅक्टरकडे बघत होती. बॉनेट आता पूर्ण पांढरं झालं होतं, ब्लेडचा पिवळा रंग झाकला गेला होता, मागच्या चाकांवर टोप्या चढल्या होत्या. मधोमध तेवढी सीट कोरडी. त्यावर पडणारा बर्फ कुठे जात होता कोण जाणे.

तिला तो सीटवर बसलेला दिसत नव्हता. तसं काही झालं नाही. तिला फक्त एवढं कळत होतं की इतके महिने, बंद दाराआड, अंधारात, तो तयार बसला होता. साखळ्या घालून. आणि ती रोज चहा ठेवून त्याला बसवून ठेवत होती.

"येऊ दे त्या शेतकऱ्याला शनिवारी," ती म्हणाली.

"पण डॅडी..."

"त्यांचं काम झालं ना आता."

ती ट्रॅक्टरपाशी गेली. किल्ली समोरच होती; तिने तिला हात लावला नाही. एवढ्या वर्षांत नवऱ्याला नावाने हाक मारायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती, आजही आली नाही.

"अहो," ती म्हणाली. "मॉरीन गेली. वेळेवर गेली. आता उतरा."

इंजिन थोडा वेळ तसंच चालत राहिलं. मग सीटची स्प्रिंग करकरली, एकदाच, वजन उतरल्यावर करकरते तशी, आणि इंजिन बंद झालं.

गल्लीत एकदम इतकी शांतता पसरली की बर्फ पडल्याचा आवाज यावा. ईशिताने आईचा हात धरला. दोघी तिथेच उभ्या राहिल्या.

सीटवर पहिला कण पडला आणि राहिला. मग दुसरा. बघता बघता कातड्याच्या सुरकुत्यांमधून पांढरी रेघ उमटली, आणि नीनाने पुढे होऊन तळहाताने ती झटकली. पुन्हा बर्फ बसला. पुन्हा झटकला.

तिसऱ्यांदा तिने हात मागे घेतला.

"चल," ती म्हणाली. "ते तांदूळ दे इकडे. भात टाकायचाय."

तिने पोतं घेतलं, कडेवर नीट केलं, आणि स्वतःच मोकळ्या केलेल्या रस्त्यावरून ती घराकडे चालू लागली. मागे सीट पांढरी होत होती.